अपोलो सतराचं कोरं पान

२३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटं. त्या वेळी तुम्ही कुठे होतात हे तुम्हाला नक्की आठवत असेल. आम्ही ऑफिसातल्या सगळ्यात मोठ्या कॉन्फरन्स रूममध्ये होतो. खुर्च्या बारा, माणसं पन्नासेक. क्लायंटबरोबरचा साडेपाचचा कॉल कुणीतरी 'नेटवर्क इश्यू' सांगून पुढे ढकलला होता (नेटवर्क उत्तम होतं). प्रोजेक्टरवर इस्रोचं यूट्यूब चॅनेल, आणि त्यावर तो हिरवा-निळा आलेख. विक्रम उतरला आणि जो काही आरडाओरडा झाला म्हणता! टेस्टिंगमधल्या दोघी चक्क रडत होत्या. आमचा मॅनेजर, ज्याला मी स्वतःच्या प्रमोशनलाही हसताना पाहिलं नव्हतं, त्यानं पेढे मागवले.

नंतर कळलं, इस्रोच्या त्या एका यूट्यूब प्रक्षेपणावर एकाच वेळी ८० लाखांहून जास्त लोक हजर होते. तोवरचा विक्रम. (विक्रमनंच विक्रम केला वगैरे विनोद त्या आठवड्यात इतके झाले की मी करत नाही.)

पेढा तोंडात असतानाच मी गावी फोन लावला. आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना. सातारा जिल्ह्यातला माण तालुका, तिथे आमचं घर आणि थोडी कोरडवाहू जमीन आहे. तहसील कचेरीतून रिटायर झाल्यापासून आण्णा तिथेच असतात.

"आण्णा, बघितलं का?"

"बघितलं की."

"मग?"

"उतरलं, बरं झालं. आता पाऊस कधी उतरतोय तेवढं इचार त्यांना." आणि फोन ठेवला.

खरं सांगतो, मला राग आला. अख्खा देश नाचतोय आणि आमच्या घरात हे असं. मी मनातल्या मनात आण्णांना 'इंटरेस्ट नसलेले लोक' या फोल्डरमध्ये टाकलं आणि दुसरा पेढा घेतला.

पुढच्या काही महिन्यांत तो फोल्डर भरतच गेला. ३ सप्टेंबरला विक्रमनं चंद्रावर इंजिनं पुन्हा पेटवून चाळीसेक सेंटिमीटर उंच उडी मारली आणि थोडं बाजूला जाऊन परत अलगद उतरला. इंजिनिअर म्हणून मला ही उडी लँडिंगइतकीच भारी वाटली, कारण उद्या तिथून दगड-माती परत आणायची असेल तर आधी तिथून उठता यायला हवं. आमच्या ग्रुपवर मी ते टाकलं. दोन अंगठे आले. त्यातला एक माझ्या बायकोचा. ६ जानेवारी २०२४ ला आदित्य एल-१ ठरल्या जागी पोचलं, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर. कुणालाच पत्ता नाही. १६ जानेवारी २०२५ ला इस्रोनं अवकाशात दोन यानं एकमेकांना जोडून दाखवली. हे जमलेला भारत जगातला चौथा देश. त्या दिवशी कँटीनमध्ये विषय होता अप्रेझलचा.

तेव्हा मी एक थिअरी बनवली, आणि जो सापडेल त्याला ऐकवायला लागलो. थिअरी अशी, की लोकांना अवकाश आवडत नाही, शेवटची ओव्हर आवडते. निकाल लागला की टीव्ही बंद. आमच्या प्रॉडक्शन सपोर्टसारखंच आहे हे. सर्व्हर ३६४ दिवस बिनबोभाट चालतो, कुणी तुमचं नावही घेत नाही. ३६५ व्या दिवशी बसतो आणि एका तासात व्हाइस प्रेसिडेंटला तुमचं आडनाव पाठ होतं.

आणि थिअरीला पुरावाही तगडा होता, अपोलोचा. बघा ना. २० जुलै १९६९ ला अपोलो ११ चंद्रावर उतरलं. जगभरातल्या सुमारे ६० कोटी लोकांनी ते टीव्हीवर पाहिलं असा अंदाज दिला जातो. चारच महिन्यांनी अपोलो १२ गेलं. या वेळी रंगीत कॅमेरा होता, पण अ‍ॅलन बीननं तो चुकून सूर्याकडे धरला आणि कॅमेरा जळाला. चित्र गेलं, प्रेक्षकही गेले. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ च्या अंतराळवीरांनी यानातून टीव्हीसाठी छान कार्यक्रम केला, आणि अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या वाहिन्यांपैकी एकीनंही तो थेट दाखवला नाही. त्यानंतर काही मिनिटांतच ऑक्सिजनची टाकी फुटली. मग काय, अख्खं जग टीव्ही-रेडिओला चिकटून बसलं. पुढे १९९५ मध्ये सिनेमाही त्याच मोहिमेवर निघाला. सगळं सुरळीत पार पडलेल्या १२, १४ आणि १६ वर कुणी कशाला काढेल? त्याच १९७० मध्ये अपोलो १८, १९ आणि २० रद्द झाल्या. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ परत आलं, आणि पुढची पन्नास वर्षं चंद्रावर कुणी पाऊल ठेवलं नाही.

यातली माझी लाडकी गंमत 'स्टार ट्रेक'ची. ही मालिका प्रेक्षक कमी म्हणून बंद पडली, आणि तिचा शेवटचा भाग दाखवला गेला ३ जून १९६९ ला. म्हणजे माणूस चंद्रावर जायच्या जेमतेम दीड महिना आधी! आणि ती लोकप्रिय कधी झाली? सत्तरच्या दशकात, पुन्हा पुन्हा दाखवली गेली तेव्हा. म्हणजे खरी यानं थांबल्यावर लोकांना खोटं यान आवडायला लागलं. इतकं, की १९७६ मध्ये चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडून पहिल्या स्पेस शटलला त्या मालिकेतल्या यानाचं नाव द्यायला लावलं, 'एंटरप्राइज'. (ते शटल फक्त चाचण्यांसाठी होतं, अवकाशात कधी गेलंच नाही. यावर मी काही बोलत नाही.)

एकूण काय, लोक उथळ आहेत आणि मी खोल आहे, अशी ही थिअरी होती. कोणत्याही थिअरीत आपण स्वतः इतके छान दिसत असू तर जरा शंका यायला हवी. मला आली नाही.

मग २०२५ च्या दिवाळीआधी घराला रंग द्यायचा म्हणून गावी गेलो. माळ्यावरचं सामान खाली काढायचं काम माझ्याकडे. त्यात एक पत्र्याची पेटी निघाली. पेटीत आजोबांचं धोतर, सातबाऱ्याचे उतारे, आणि लाल कापडी बांधणीची जमाखर्चाची जाडजूड वही. कडा कसरीनं खाल्लेल्या. उघडली तर पहिल्याच पानावर नील आर्मस्ट्राँग!

वही आण्णांची. वयाच्या चौदाव्या वर्षी सुरू केलेली. तेव्हा शाळेत येणारं वर्तमानपत्र एक दिवस उशिरा यायचं. गुरुजींचं वाचून झालं, मग वरच्या वर्गांचं झालं, आणि महिना उलटला की आण्णांना ते कापायची परवानगी होती. चिकटवायला कणकेची खळ (म्हणूनच कसरीचं फावलं). मुंबईतसुद्धा टीव्ही यायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडावा लागला, तर माणात कुठला चंद्र दिसणार? आर्मस्ट्राँगनं पाऊल ठेवलं तेव्हा आपल्याकडे २१ जुलैच्या सोमवारचे सकाळचे साडेआठ वाजत आले होते. आण्णांनी ते ग्रामपंचायतीच्या रेडिओवर ऐकलं. आदल्या दोन दिवसांत इंदिरा गांधींनी १४ बँका सरकारजमा केल्या होत्या, त्यामुळे त्या कात्रणांच्या मागच्या बाजूला सगळीकडे बँकाच बँका.

मी तिथेच फरशीवर बसलो आणि, सवय वाईट, पानं मोजायला लागलो. अपोलो ११ ला अकरा पानं. ऑक्टोबर १९६९ मध्ये ते तिघं अंतराळवीर मुंबईत आले होते, त्याची दोन पानं. अपोलो १२ चं एक. अपोलो १३ ची सहा! अपोलो १४ चं अर्धं. अपोलो १५ नं चंद्रावर गाडी चालवली म्हणून एक पूर्ण पान, गाडीचं चित्र पेन्सिलीनं मोठं करून काढलेलं. अपोलो १६ चं एकच चौकोनी कात्रण. त्याखाली पुढच्या पानावर शाईनं सुबक अक्षरात शीर्षक: 'अपोलो १७'.

पान कोरं.

मला काय आनंद झाला सांगू! हा तर अमेरिकेच्या टीव्हीचा आलेख होता, जसाच्या तसा, माणातल्या एका पोरानं खळीनं चिकटवलेला. अकरा, एक, सहा, अर्धं, शून्य. थिअरी घरातच सिद्ध झाली. मी वही घेऊन ओसरीवर गेलो.

"आण्णा, सतरा नंबरचं पान कोरं कसं? कंटाळा आला होता ना तोवर?"

आण्णांनी चष्मा लावून वही हातात घेतली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फुडचं पान उलट."

पुढच्या पानावर त्याच सुबक अक्षरात तारखा होत्या. डिसेंबर १९७२. तारखेपुढे तीन रकाने. बाबा, आई, मी. प्रत्येकात फुल्या. मध्येच 'मिलो ८ किलो', 'सुकडी', 'मुकादमाकडं बाकी' अशा नोंदी.

ती हजेरी होती. बहात्तरच्या दुष्काळातली.

आपल्या पिढीला बहात्तरचा दुष्काळ म्हणजे आजीच्या गोष्टीतलं एक वाक्य. १९७२-७३ मध्ये महाराष्ट्रात इतकी वाईट अवस्था होती, की मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग. आपली रोजगार हमी योजना त्यातूनच आली. खायला अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी, आणि कामावर सुकडी. आण्णा तेव्हा अकरावीला होते, म्हणजे मॅट्रिकला. दिवाळीनंतर शाळा सुटली ती पुढची दीड वर्षं. गुरुजींनी कात्रणं बाजूला ठेवली होती म्हणे, पण आणायला जायला सवड नव्हती आणि वहीला दुसरं काम लागलं होतं.

"कंटाळा कसला आलाय," आण्णा म्हणाले. "शीर्षक आधीच लिहून ठेवलं हुतं की. राती खडीवरनं आल्यावर उताणं पडायचं, तवा चंद्र समोरच असायचा. पोटात मिलो, ती बी अमेरिकेची. म्हटलं त्यांचंच सगळं चाललंय, वर बी आन् खाली बी."

मी काहीच बोललो नाही. ७ डिसेंबर १९७२ ला अपोलो १७ उडालं. मी त्या तारखेची ओळ शोधली. तीन फुल्या. ११ डिसेंबरला ते उतरलं, चंद्रावर पहिल्यांदाच एक भूशास्त्रज्ञ पोचला, दगड फोडून बघायला. तीन फुल्या. आमच्या घरातले तिघंही त्या दिवशी दगडच फोडत होते.

आणि मग मला २३ ऑगस्ट २०२३ चा तो फोन आठवला. तो ऑगस्ट कसा होता आठवतोय? तुम्हाला नसेल आठवत. मला पण नव्हता आठवत, मला फक्त पेढे आठवत होते. हवामान खात्याच्या नोंदी १९०१ पासूनच्या आहेत, आणि त्यातला देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो होता. सरासरीपेक्षा ३६ टक्के पाऊस कमी. आण्णांची बाजरी त्या आठवड्यात करपत होती. आणि तरी आण्णांनी लँडिंग पाहिलं होतं. 'बघितलं की' म्हणाले होते. मी ऐकलंच नव्हतं.

त्या रात्री माझी थिअरी मी परत तपासली, जरा प्रामाणिकपणे. माझ्याच पुराव्यात भोकं होती. एक तर अमेरिकेचे लोक 'आधी वेडे होते आणि मग कंटाळले' हेच मुळात खरं नाही. रॉजर लॉनियस नावाच्या इतिहासकारानं साठच्या दशकातल्या जनमत चाचण्या गोळा केल्या आहेत. जवळजवळ संपूर्ण दशकभर ४५ ते ६० टक्के अमेरिकन लोक सांगत होते, की सरकार अवकाशावर फार पैसे घालवतंय. चंद्रावर जाणं वसूल झालं असं म्हणणाऱ्यांचं बहुमत दिसतं ते जुलै १९६९ च्या आसपासच. म्हणजे सुवर्णकाळ वगैरे आपण मागाहून सिनेमे बघून बनवलेला आहे.

दुसरं, अपोलो ११ उडायच्या आदल्या दिवशी, १५ जुलै १९६९ ला, मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी राल्फ अ‍ॅबरनाथी काही गरीब कुटुंबं आणि खेचरांची गाडी घेऊन केनेडी स्पेस सेंटरवर मोर्चानं गेले होते. अमेरिकेत लोक उपाशी असताना हा खर्च कशाला, असं विचारायला. नासाचे प्रमुख थॉमस पेन पावसाच्या भुरभुरीत त्यांना बाहेर येऊन भेटले आणि म्हणाले, की उद्याचं बटण न दाबल्यानं गरिबी हटणार असेल तर आम्ही ते दाबणार नाही. शेवटी अ‍ॅबरनाथींनी अंतराळवीर सुखरूप यावेत म्हणून प्रार्थना केली, आणि त्यातल्या काही कुटुंबांना उड्डाण बघायला पाहुण्यांच्या जागेवर बसवण्यात आलं. ही गोष्ट मला आधीपासून माहीत होती बरं का. पण माझ्या थिअरीत ती बसत नव्हती, म्हणून कँटीनमध्ये मी कधी सांगितली नाही. खेचर घेऊन आलेला माणूस 'इंटरेस्ट नसलेला' नव्हता. त्यालाही बघायचं होतं. फक्त त्याच्यापुढे आधी दुसरा प्रश्न होता.

तिसरी गोष्ट तर माझ्या नाकासमोर होती. 'स्वदेस' तुम्ही पाहिलाय, मी तीनदा पाहिलाय. त्यातलं काय आठवतं? स्टेशनवर पंचवीस पैशाला पाणी विकणारा मुलगा. बरोबर. आता सांगा, शाहरुख नासात कशावर काम करत असतो? पावसावर! सगळ्या पृथ्वीवरचा पाऊस मोजणारा उपग्रह, 'ग्लोबल प्रेसिपिटेशन मेजरमेंट'. हा प्रकल्प खरा आहे. सिनेमा आला २००४ मध्ये, आणि तो उपग्रह जपानमधून उडाला फेब्रुवारी २०१४ मध्ये. सिनेमा बघून रडलेल्यांपैकी किती जणांना कळलं? मला नव्हतं कळलं. मी आणि खोल म्हणे.

आता आण्णांचं ऐका. कचेरीत असताना पावसाळ्यात पर्जन्यमापकाचं रोजचं रीडिंग घ्यायचं काम त्यांच्याकडे असायचं. इतर कारकून ते टाळायचे, आण्णांनी मागून घेतलं होतं. रिटायर झाल्यावर माझ्या जुन्या स्मार्टफोनवर ते रोज पहाटे पहिली गोष्ट काय उघडतात माहितीये? हवामान खात्याच्या पानावरचं इन्सॅटचं ढगांचं चित्र. चहाच्या आधी. कमी दाबाचा पट्टा कुठवर आलाय, अरबी समुद्रात काय हालचाल आहे, सगळं तोंडपाठ. मला वाटायचं म्हाताऱ्या माणसाचा विरंगुळा.

आपल्या धंद्यात दोन आकडे असतात. एका क्षणी जास्तीत जास्त किती लोक आले, आणि रोज नेमानं कोण येतं. पहिला आकडा प्रेस रिलीजमध्ये जातो. प्रॉडक्ट जगतं दुसऱ्यावर. त्या ८० लाखांत मी होतो, कबूल, पेढ्यासकट. पण आमच्या घरातला डेली अ‍ॅक्टिव्ह यूजर आण्णा आहेत. आणि ते बहात्तरलाही आकाशाकडेच बघत होते, ढगांसाठी आणि जमलं तर चंद्रासाठी. वहीत फक्त त्याची नोंद झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप घेऊन त्यांच्याजवळ बसलो. म्हटलं, सतराव्या पानासाठी काहीतरी शोधू. अपोलो १७ मधून ७ डिसेंबरला चंद्राकडे जाताना काढलेला फोटो उघडला. पूर्ण गोल, प्रकाशात न्हालेली पृथ्वी.

"ह्यो? ह्यो तर सगळीकडं असतोय. पुस्तकात, क्यालिंडरवर."

"तोच. पण तो सतराचा आहे."

आण्णांना हे माहीत नव्हतं. पन्नास वर्षं तो फोटो बघत होते आणि तो त्यांच्याच कोऱ्या पानावरचा आहे हे माहीत नव्हतं. फोटोत मधोमध आफ्रिका, वर अरबस्तान, खाली ढगांनी झाकलेला दक्षिण ध्रुव. मी उजवीकडची वरची कड मोठी केली. जिथे पृथ्वी वळून दिसेनाशी होते तिथे ढगांचा एक भोवरा आहे. म्हटलं, "आण्णा, हा आपल्याकडचा. दोन दिवस आधी, ५ डिसेंबरला, तमिळनाडूवर चक्रीवादळ आलं होतं. तेच हे. पूर आला होता तिकडे."

आण्णा स्क्रीनच्या अगदी जवळ गेले. चष्मा वर केला, परत खाली केला. त्या भोवऱ्यावर बोट ठेवलं. मग बोट किंचित सरकवून बाजूला, जिथे काहीच दिसत नाही, पृथ्वीची नुसती कड आहे, तिथे आणलं.

"म्हंजी आमी हितं कुठंतरी."

"हो."

थोडा वेळ गेला.

"तिकडं पडला म्हण की," आण्णा म्हणाले. "आणि आमी सकाळी उठून आभाळ बघायचो."

मग वही मिटून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, याची एक चांगली प्रिंट काढून आण, रंगीत, पण पानात बसेल एवढी.

पुण्याला आल्यावर रिलीज, मग क्लायंट व्हिजिट, मग अजून एक रिलीज. प्रिंट काल काढली. ऑफिसच्या कलर प्रिंटरवर (कुणाला सांगू नका). वहीच्या पानापेक्षा बोटभर मोठी आलीय, कड कापावी लागेल. फक्त उजवीकडची वरची कड नाही कापायची, एवढं लक्षात ठेवलंय.

पुढच्या शनिवारी गावी जातोय. फेव्हिकोल घेतलाय, कणकेची खळ नको.